डिझेल गाडीचं इंजिन ऑइल: ग्रेडच्या आधी काय बघायचं

"पंधरा-चाळीस द्या, चांगल्यातलं." स्पेअर पार्टच्या कुठल्याही दुकानात दहा मिनिटं थांबलात तर हे वाक्य कानावर पडेल. पंधरा-चाळीस म्हणजे १५डब्ल्यू-४० हा तेलाचा ग्रेड. त्यावर दुकानदार एकच विचारतो, कुठल्या कंपनीचं देऊ? गाडी बारा वर्षं जुनी पिकअप आहे की गेल्या वर्षी घेतलेली एसयूव्ही, तिच्या एक्झॉस्टमध्ये फिल्टर आहे की नाही, हा विषय दोघांपैकी कुणीच काढत नाही.

बीएस म्हणजे भारत स्टेज, गाड्यांच्या धुरावरचं सरकारी मानक. बीएस-३ च्या काळात हे खपून जायचं. तेव्हाची बहुतेक डिझेल इंजिनं एकाच जातीच्या तेलावर चालायची. १ एप्रिल २०२० ला बीएस-६ लागू झालं आणि हिशोब बदलला. आता चुकीचं तेल घातलं तरी इंजिन सहसा लगेच कुरकुरत नाही. गाडीचं वेग घेणं तेच, आवाजही तोच. त्रास होतो तो मागच्या फिल्टरला, आणि तोही इतका सावकाश की बिल हातात येतं तेव्हा तेलावर संशय घ्यायचं कुणाच्या डोक्यात येत नाही. म्हणून निवडीचा क्रम उलटा करायचा: आधी गाडीची पिढी, मग तेलाचं स्पेसिफिकेशन, त्यानंतर ग्रेड आणि सगळ्यात शेवटी कंपनी.

गाडी कुठल्या पिढीची आहे

गाडीबरोबर आलेल्या मॅन्युअलच्या शेवटच्या पानांमध्ये तेलांचा तक्ता असतो. त्यातल्या तीन गोष्टींचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा: इंजिन ऑइलचं स्पेसिफिकेशन, ग्रेड, आणि फिल्टरसकट लागणारं तेल किती लिटर. मॅन्युअल हरवलं असेल तर बहुतेक कंपन्यांच्या वेबसाइटवर ते मिळतं. सेकंड हँड गाडी घेतली असेल तर हे काम पहिल्या आठवड्यातच उरकावं. आधीच्या मालकाने काय घातलं होतं ते विचारून फारसा उपयोग नाही, तो "कंपनीचंच" म्हणणार.

पिढी ओळखायला आरसी बघा, नव्या कार्डांवर उत्सर्जनाचं मानक छापलेलं असतं. त्याहून झटपट खूण समोरच्या काचेवर आहे. हाय सिक्युरिटी नंबर प्लेटबरोबर जे स्टिकर मिळतं ते डिझेल गाडीसाठी नारिंगी असतं आणि गाडी बीएस-६ असेल तर त्याच्या वरच्या कडेला हिरवी पट्टी असते. नारिंगीवर हिरवी पट्टी दिसली की तुमच्या गाडीत डीपीएफ, म्हणजे एक्झॉस्टमधला काजळीचा फिल्टर, आहे असंच धरून चाला. बीएस-६ च्या जवळपास सगळ्या डिझेल गाड्यांत तो असतो. बीएस-४ मध्ये मोजक्या महागड्या गाड्यांतच होता, पण अशी गाडी असेल तर मॅन्युअल बघूनच खात्री करा.

डीपीएफ आणि राख

डीपीएफ म्हणजे डिझेलच्या धुरातली काजळी अडवणारी जाळी. काजळी साठली की गाडी स्वतःहून एक्झॉस्ट तापवते आणि साधारण ६०० अंशांच्या आसपास ती जाळून टाकते. याला रीजनरेशन म्हणतात. इथपर्यंत ठीक आहे. पण प्रत्येक इंजिन थोडं का होईना तेल खातं, आणि त्या तेलातल्या कॅल्शियम, मॅग्नेशियम, झिंक असल्या धातूंच्या ॲडिटिव्हची राख होते. काजळी जळते, राख जळत नाही. ती जाळीतच बसते आणि साठत जाते.

किती? ढोबळ हिशोब करून बघू. इंजिन दर १०,००० किलोमीटरला १ लिटर तेल खातं असं समजा. १ लिटर तेल म्हणजे साधारण ८५० ग्रॅम. जुन्या पद्धतीच्या तेलात सल्फेटेड ॲश (जळल्यावर उरणाऱ्या राखेचं माप) दीड टक्क्याच्या आसपास असते, म्हणजे लिटरमागे १३ ग्रॅम राख. कमी राखेच्या तेलात ती ०.८ टक्के, म्हणजे ७ ग्रॅमच्या आत. १ लाख किलोमीटरला हा फरक १३० विरुद्ध ७० ग्रॅम असा पडतो. नवं इंजिन इतकं तेल खात नाही, त्यामुळे खरे आकडे कमी भरतील, पण प्रमाण तेच राहील. ज्या जाळीने गाडीला आयुष्यभर साथ द्यायची, ती निम्म्या आयुष्यात गच्च होते.

म्हणून डीपीएफ असलेल्या गाडीत लो-ॲश किंवा मिड-ॲश तेलच घालायचं. गॅरेजमध्ये "काही फरक पडत नाही हो" असं कुणी म्हणालं तर वाद घालू नका, फक्त ते तेल घेऊ नका.

कॅनची मागची बाजू

पुढच्या बाजूला "अल्ट्रा", "टर्बो", "मॅक्स" लिहिलेलं असतं. त्याला काही अर्थ नाही. कॅन उलटा करा.

पहिली ओळ सहसा एपीआयची असते. ही अमेरिकन पद्धत, डिझेलची इयत्ता सी या अक्षरापासून सुरू होते: सीएफ-४ (१९९०), सीएच-४ (१९९८), सीआय-४ (२००२), सीजे-४ (२००६), सीके-४ (२०१६). अक्षर जितकं पुढचं तितकं तेल नवं, आणि नवं तेल साधारणपणे जुन्या इंजिनाला चालतं. राखेवर मर्यादा पहिल्यांदा सीजे-४ मध्ये आली, ती १ टक्का, आणि सीके-४ मध्येही तीच आहे. सीआय-४ मध्ये अशी मर्यादा नाही. त्यामुळे डीपीएफच्या गाडीत सीआय-४ बसत नाही, मग ते कितीही "प्रीमियम" असो.

इथे दोन खड्डे आहेत. पहिला म्हणजे सीएफ. पेट्रोल गाड्यांच्या कितीतरी तेलांवर "एसएन/सीएफ" असं लिहिलेलं असतं आणि ते बघून "डिझेललाही चालतं" म्हणून विकलं जातं. सीएफ ही १९९४ ची, कधीच कालबाह्य झालेली इयत्ता आहे. आजच्या कॉमन रेल (एका सामाईक नळीतून जास्त दाबाने डिझेल फवारणाऱ्या) इंजिनाबद्दल ती काहीच सांगत नाही. अशा कॅनवर शेजारी दुसरं डिझेलचं मानक असेल तर त्यावर विश्वास ठेवा, नसेल तर कॅन परत ठेवा. दुसरा खड्डा एफए-४. हे सीके-४ च्याच वेळी, २०१६ मध्ये आलं, पण ते मुद्दाम पातळ ठेवलेलं तेल आहे आणि ठरावीक नव्या अवजड इंजिनांसाठीच. नवं आहे म्हणून जुन्या ट्रकमध्ये घालायचं नसतं.

दुसरी ओळ युरोपची, एसीईए. कार आणि एसयूव्हीसाठी मला ही एपीआयपेक्षा जास्त उपयोगी वाटते, कारण तिची विभागणीच डीपीएफवरून केलेली आहे. ए३/बी४ म्हणजे डीपीएफ नसलेल्या कारसाठी, राख जास्त. सी२, सी३ ही सी मालिका डीपीएफवाल्यांसाठी, त्यात राख ०.८ टक्क्यांपर्यंतच. ई मालिका ट्रक-बसची. सी२ आणि सी३ मधला फरक तापलेल्या तेलाच्या थराच्या जाडीचा आहे. १५० अंशांना, बेअरिंगमध्ये दाबाखाली असताना तेल किती टिकतं हे एचटीएचएस या आकड्याने मोजतात. सी३ ला तो किमान ३.५ लागतो, सी२ ला किमान २.९. कंपनीने सी३ सांगितलं असेल तर सी२ घालू नका. उलट केलंत तर सहसा नुकसान नाही, ॲव्हरेज जरासा घटेल, पण वॉरंटीत असेपर्यंत मॅन्युअलच पाळा.

जपानी गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये जासो या जपानी मानक संस्थेचं डीएल-१ दिसेल, ते डीपीएफ असलेल्या छोट्या डिझेलसाठी आहे. डीएच-२ हे त्याच धर्तीचं ट्रकसाठी.

तिसरी ओळ गाडी बनवणाऱ्यांच्या मंजुऱ्यांची. फोक्सवॅगन ५०७.००, मर्सिडीज २२९.५१ किंवा २२९.५२, रेनॉचं आरएन०७२०, ही सगळी डीपीएफ डिझेलची नावं आहेत. तुमच्या मॅन्युअलमध्ये असा नंबर असेल तर शोध तिथेच संपला, तोच नंबर कॅनवर हवा. पण शब्द नीट वाचा. "अप्रूव्हल" आणि "वापरण्यास योग्य" यांत फरक आहे. पहिलं गाडीवाल्या कंपनीने तपासून दिलेलं असतं, दुसरं तेलवाल्या कंपनीचं स्वतःचं म्हणणं असतं.

आता ग्रेड

१५डब्ल्यू-४० मधला पहिला आकडा थंडीतल्या वागणुकीचा, दुसरा तापलेल्या इंजिनातल्या घट्टपणाचा. १५डब्ल्यू तेलाची क्रँकिंगची चाचणी उणे २० अंशांना होते, ५डब्ल्यूची उणे ३० ला. यावरून "आपल्याकडे कुठे उणे वीस आहे, मग पाच काय आणि पंधरा काय" असं वाटतं. निफाडचा पारा घसरतो म्हणून बातम्या येतात, तेव्हाही तो सहसा गोठणबिंदूच्या वरच असतो. फरक तरी पडतोच. बाजारातलं साधारण १५डब्ल्यू-४० तेल ४० अंशांना ११० सेंटिस्टोक्सच्या (हे घट्टपणाचं एकक) आसपास घट्ट असतं आणि ५डब्ल्यू-३० सत्तरच्या आसपास. पुण्यातल्या जानेवारीच्या सकाळी तापमान ४० अंशांच्या बरंच खाली असतं, तिथे ही दरी आणखी रुंदावते. स्टार्टर मारल्यावर टर्बोच्या बेअरिंगपर्यंत, टायमिंग चेनच्या टेन्शनरपर्यंत तेल पोचायला लागणारा वेळ यावर ठरतो. इंजिनाची झीज सगळ्यात जास्त याच वेळात होते. रोज सकाळी गार इंजिन सुरू करून चार-पाच किलोमीटर जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

"आपल्याकडे ऊन फार, म्हणून जाड तेल" हेही अर्धंच खरं आहे. चंद्रपूरला बाहेर ४५ अंश असोत की महाबळेश्वरला १५, तापलेल्या इंजिनात तेल साधारण १०० ते १२० अंशांच्या पट्ट्यातच असतं, कारण थर्मोस्टॅट आणि कूलंट ते सांभाळतात. बाहेरच्या उन्हापेक्षा घाटात लोड घेऊन चढणं तेलाला जास्त तापवतं. त्यामुळे मॅन्युअलमध्ये ५डब्ल्यू-३० एकच ग्रेड दिला असेल तर उन्हाळा आहे म्हणून १५डब्ल्यू-४० कडे वळायचं कारण नाही. त्यात दोन-तीन ग्रेडचा तक्ता दिला असेल आणि तुम्ही कायम ओझं ओढत असाल, तर त्यातला जाड ग्रेड घ्या, तो हक्क कंपनीनेच दिलेला आहे. लडाखला हिवाळ्यात जाणार असाल तर मात्र पहिल्या आकड्याकडे गंभीरपणे बघा, लेहचा पारा १५डब्ल्यूच्या हद्दीपर्यंत जाऊ शकतो.

जुनं इंजिन तेल खायला लागलं की जाड तेल घालून दिवस काढायची पद्धत आहे. आधीच्या १५डब्ल्यू-४० वरून २०डब्ल्यू-५० वर गेल्याने खाणं थोडं कमी होतं, हे खरं. पण निळा धूर मारणाऱ्या गाडीचे रिंग, व्हॉल्व्ह सील किंवा टर्बो तेलाने दुरुस्त होत नाहीत. कॉमन रेल इंजिनात हा प्रयोग करूच नका.

मिनरल की सिंथेटिक? कॅनवर योग्य स्पेसिफिकेशन असेल तर हा प्रश्न बराचसा गळून पडतो. ५डब्ल्यू-३० सी३ सारखं तेल साध्या मिनरल बेसमधून बनत नाही, ते सिंथेटिकच असणार. उलट जुन्या पिकअपला सीआय-४ चं मिनरल १५डब्ल्यू-४० वेळेवर बदलत राहणं हे महागडं सिंथेटिक घालून वीस हजार किलोमीटर विसरून जाण्यापेक्षा केव्हाही बरं.

चार गाड्या, चार उत्तरं

गावातली जुनी डीआय (डायरेक्ट इंजेक्शन) इंजिनाची जीप किंवा पिकअप, बीएस-३: १५डब्ल्यू-४०, सीएच-४ किंवा सीआय-४. पूर्वी डिझेलमध्ये गंधक ३५० पीपीएमपर्यंत असायचं, त्यातून तयार होणारं आम्ल मारायला जास्त राखेचं, जास्त टीबीएनचं (आम्ल मारण्याची ताकद दाखवणारा आकडा) तेल लागायचं. आता देशभर १० पीपीएमचं डिझेल मिळतं, त्यामुळे या गाड्यांना सीके-४ सुद्धा बिनधास्त चालतं. फक्त जास्त पैसे देण्याची गरज नाही.

बीएस-४ ची कॉमन रेल हॅचबॅक किंवा सेडान, डीपीएफ नाही: मॅन्युअल म्हणेल तो ग्रेड, सहसा ५डब्ल्यू-३० किंवा ५डब्ल्यू-४०, आणि ए३/बी४ किंवा कंपनीचं स्पेसिफिकेशन. टॅक्सीसाठी रोज चालणाऱ्या अशा गाड्यांत स्वस्त १५डब्ल्यू-४० घालतात. गाडी पळते, पण छोट्या टर्बोच्या अरुंद तेलमार्गात जळका थर बसायला लागतो. इथे काटकसर महागात पडते.

बीएस-६ ची एसयूव्ही: एसीईएच्या सी मालिकेतलं तेल किंवा कंपनीची मंजुरी, ग्रेड मॅन्युअलप्रमाणे. यात तडजोड नाही.

ट्रॅक्टर: १५डब्ल्यू-४०, बहुधा सीएफ-४ पासून सीआय-४ पर्यंतचं. पण बदलायची वेळ किलोमीटरवर नाही, तासांच्या मीटरवर. रोटाव्हेटर मारताना उभी राहिल्यासारखी चालणारी मशीन दिवसाला मोजकेच किलोमीटर कापते आणि तेल मात्र पूर्ण भाजतं.

विकत घेताना आणि बदलताना

भरवशाच्या दुकानातून, बिलासकट घ्या. वॉरंटीत असाल तर ते बिल लागतं. सील, बॅच नंबर, तारीख बघा. क्यूआर कोड असेल तर तिथेच स्कॅन करा. नेहमीच्या भावापेक्षा फारच स्वस्त मिळत असेल तर त्याचं कारण तुम्हाला आवडणारं नसेल. रिकामे ब्रँडेड कॅन भंगारात चांगल्या भावाने जातात, पुन्हा भरण्यासाठी. म्हणून आपला कॅन रिकामा झाला की स्क्रू ड्रायव्हरने भोक पाडूनच द्यावा.

सर्व्हिस सेंटर बॅरलमधून तेल घालतं, त्यात गैर काही नाही. बॅरलवरचं स्पेसिफिकेशन बघू द्या म्हणायला मात्र लाजू नका, आणि जॉब कार्डवर ग्रेडसोबत तेही लिहून घ्या. बाहेरच्या गॅरेजमध्ये सीलबंद कॅन स्वतः न्या आणि समोर उघडायला सांगा.

तेल काढताना इंजिन कोमट हवं, गाडी सपाटीवर. तेल धार तुटून थेंबांवर येईपर्यंत थांबायचं, घाई करणारा मिस्त्री पाव-अर्धा लिटर काळं तेल चेंबरमध्येच (इंजिनाखाली तेल साठतं तो भाग) सोडतो. ऑइल फिल्टर दर वेळी बदला. ड्रेन प्लगचा वॉशर नवा घाला, आणि प्लग अंगाचा जोर लावून आवळू देऊ नका. चेंबर ॲल्युमिनियमचा असेल तर आटे जातात आणि मग कायमचं थेंब-थेंब. मॅन्युअलमधल्या मापापेक्षा थोडं कमी तेल ओता, मिनिटभर इंजिन चालवून ऑइलचा दिवा विझल्याची खात्री करा, बंद करून पाच-दहा मिनिटांनी स्टिक (तेलाची पातळी दाखवणारी पट्टी) बघा आणि मग उरलेलं थोडं थोडं घाला. बऱ्याच कारमध्ये स्टिकवरच्या खालच्या आणि वरच्या खुणेत साधारण लिटरभराचं अंतर असतं. शेवटी सर्व्हिसचा काउंटर रीसेट करायला सांगा. रीजनरेशन करणाऱ्या काही गाड्या तेलाचं उरलेलं आयुष्य स्वतः मोजतात, रीसेट केलं नाही तर त्यांचा हिशोब चुकतो.

वरच्या खुणेच्या वर तेल जाऊ देऊ नका. क्रँक त्यात आपटून फेस होतो, आणि जास्तीचं तेल ब्रीदरमधून (इंजिनातली वाफ बाहेर काढणारी नळी) इंटेकमध्ये, म्हणजे हवा आत घेणाऱ्या मार्गात, गेलं तर डिझेल इंजिन त्याच तेलावर पळायला लागू शकतं. चावी बंद केली तरी ते थांबत नाही. मॅन्युअल गिअरची गाडी असेल तर ब्रेक दाबून वरचा गिअर टाकून क्लच सोडायचा, इंजिन गुदमरून बंद पडतं.

नंतरच्या सवयी

नवं तेल दोनशे-तीनशे किलोमीटरमध्ये काळं झालं म्हणून घाबरू नका. काजळी पोटात धरून ठेवणं हेच डिझेलच्या तेलाचं काम आहे. रंगावरून तेल संपलं की नाही कळत नाही.

लक्ष ठेवायचं ते पातळीवर, आणि बीएस-६ च्या गाडीत ती कमी होण्यापेक्षा वाढण्यावर. रीजनरेशनसाठी बऱ्याच इंजिनांत सिलिंडरमध्ये जादा डिझेल सोडलं जातं आणि त्यातलं थोडं भिंतीवरून चेंबरमध्ये उतरतं. घर ते शाळा, शाळा ते बाजार एवढंच फिरणाऱ्या गाडीत रीजनरेशन मधेच तुटतं, पुन्हा सुरू होतं, पुन्हा तुटतं. प्रत्येक वेळी आणखी डिझेल खाली. महिन्यातून दोनदा, सकाळी गार इंजिनावर स्टिक काढून बघा. पातळी वरच्या खुणेच्या वर गेली असेल, तेलाला डिझेलचा वास येत असेल, तर किलोमीटर किती झाले ते बघत बसू नका, तेल बदला. डीपीएफचा दिवा लागला तर मॅन्युअलमध्ये दिलेल्या वेगाने गाडी हायवेला सलग पळवून आणा, वाटेत बंद करू नका.

बदलायचा काळ कंपनी सांगेल तो, बहुतेक कारना १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते. पण मॅन्युअलमध्ये "कठीण वापर" नावाचा एक परिच्छेद असतो, तो वाचा. धूळ, छोट्या फेऱ्या, सिग्नलला तासन्‌तास रांगणं, ओझं ओढणं: आपल्यापैकी निम्मे लोक त्यातच मोडतात. अशांनी अंतर कमी करावं. वर्षात चार हजारच किलोमीटर झाले तरी वर्षाने तेल बदलावंच लागतं, कारण ओलावा आणि आम्ल किलोमीटर मोजत नाहीत.

मधेच तेल कमी पडलं आणि हायवेवर आपलं तेल मिळत नसेल, तर त्याच स्पेसिफिकेशनचं दुसऱ्या कंपनीचं पाव-अर्धा लिटर घातल्याने काही बिघडत नाही. तेही नसेल तर जवळात जवळचं घाला, कोरडं चालवू नका, आणि घरी आल्यावर पूर्ण तेल बदला.

काढलेलं काळं तेल गटारात किंवा बांधावर ओतू नका, जळणात किंवा भट्टीत वापरायलाही देऊ नका. कायद्याने तो घातक कचरा आहे. घरी बदलत असाल तर जुन्या कॅनमध्ये भरून, ते अधिकृत रीसायकलरकडे पाठवणाऱ्या गॅरेजला किंवा सर्व्हिस सेंटरला द्या. तो एक कॅन तेवढा भोक न पाडता ठेवावा लागेल, झाकणावर मार्करने "जुनं" लिहून.